दिव्याखालचा अंधार

आज लक्ष्मीपूजन. तिन्हीसांजा होतील आणि हे महानगर एका क्षणात उजळून निघेल. गिरगावातील चाळींच्या सज्ज्यांपासून दहिसर-मुलुंडच्या वेशीपर्यंत घरोघरी आकाशकंदील लागतील, उंबऱ्यांवर पणत्या तेवतील, आणि ज्यांच्या पदरी विशेष काही नाही अशी माणसेही तेलाची दोन बोटे आणि वातीचा धागा कोठून तरी पैदा करतील. प्रकाशाचे स्वागत करण्याची ही रीत आमच्या समाजात शतकानुशतके चालत आली आहे आणि तिचा आनंद आमच्या वाचकांना भरभरून लाभावा, अशीच आमची इच्छा आहे. परंतु सणाच्या दिवशी घराचा कानाकोपरा झाडून काढावयाचा असतो. या शहराच्या घरातही असा एक कोपरा आहे की जेथे वर्षानुवर्षे केरसुणी फिरलेली नाही. त्या कोपऱ्याकडे आज बोट दाखविले नाही, तर आम्ही आमच्या कर्तव्यास चुकलो असे होईल.

तो कोपरा कोणता? या मुंबईत हजारो घरे अशी आहेत की ज्यांत भर दुपारी बारा वाजता दिवा लावल्यावाचून तांदूळ निवडता येत नाहीत. ही घरे पडक्या वाड्यांतील नव्हेत, की शंभर वर्षांपूर्वीच्या जीर्ण चाळींतील नव्हेत. ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सिमेंट-काँक्रीटने बांधलेली, सरकारी मंजुरीचा शिक्का असलेली, ‘पुनर्वसन’ असे भारदस्त नाव लाभलेली घरे आहेत. त्यांना खिडक्या आहेत. पण खिडकीबाहेर हात लांब करावा, तर तो जणू समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागावा. त्या दोन भिंतींमधील चिंचोळ्या बोळात ऊन उतरत नाही. वरून कचरा मात्र उतरतो. मग दुर्गंधीमुळे आणि डासांमुळे आहे ती खिडकीही बंद होते, आणि घर म्हणजे चारी बाजूंनी मिटलेली पेटी होऊन बसते. रात्रीच्या दिव्यांच्या बाबतीत हे शहर श्रीमंत आहे. दिवसाच्या उजेडाच्या बाबतीत त्याचा फार मोठा भाग कंगाल आहे. आणि ही कंगाली देवाने दिलेली नसून आम्ही नियम करून, सह्या करून, नकाशे मंजूर करून निर्माण केली आहे.

या शहराला उजेडाविषयी आस्थाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचा दिवा प्रथम लागला, तेव्हापासून मुंबईकरांना दिव्यांचे अप्रूप आहे. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरील पिवळे दिवे काढून तेथे पांढरे एलईडी दिवे बसविण्यात आले, तेव्हा केवढा गहजब झाला, हे आमच्या वाचकांना आठवत असेल. राणीच्या कंठहारातील रत्नांचे पाणीच उतरले, अशी हाकाटी झाली. वृत्तपत्रांतून लेख आले, पुढारी एकमेकांवर तुटून पडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर पिवळसर उजेड परत आला. त्या तक्रारीत काही तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. शहराच्या सौंदर्याची चाड असणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण समुद्रकाठच्या दिव्यांचा रंग बदलला म्हणून जे शहर खडबडून जागे होते, त्याच शहराला गोवंडी-मानखुर्दकडील हजारो बिऱ्हाडांच्या खोल्यांतून सूर्यच हद्दपार झाला आहे याची वार्ताही नसावी, हा प्रकार काय दर्शवितो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

हा प्रश्न केवळ सोयीचा किंवा सौंदर्याचा असता, तर त्यासाठी आम्ही आजच्या मुहूर्तावर पहिल्या पानाची जागा अडविली नसती. तो जगण्यामरण्याचा आहे. महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या वसाहतींची पाहणी २०१८ च्या सुमारास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पवईच्या आयआयटीतील संशोधकांच्या सहकार्याने केली. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची तुलना त्या पाहणीत आहे. पहिल्या दोन वसाहतींत इमारती-इमारतींमधील अंतर अवघ्या तीन मीटरांवर आलेले. तिसरीत त्या मानाने मोकळीक अधिक. पहिल्या दोहोंत क्षयाचे प्रमाण तिसरीहून कितीतरी अधिक आढळले, आणि जेथे ऊन-वारा सर्वांत कमी पोहोचतो त्या खालच्या मजल्यांवर रोगाचा जोर विशेष दिसला. क्षयाला दाटी कारणीभूत आहे, अपुरे अन्न कारणीभूत आहे, उपचारांतील हेळसांड कारणीभूत आहे. केवळ अंधारच त्याचे मूळ आहे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या एका देशात आहेत, ज्या देशाने क्षयाच्या उच्चाटनासाठी २०२५ हे साल मुक्रर केले होते, त्या देशाने एका हाताने औषधाच्या गोळ्या वाटाव्यात आणि दुसऱ्या हाताने त्या रोगाला पोसणाऱ्या खोल्या बांधाव्यात, या विसंगतीला काय म्हणावे?

ऊन आणि रोग यांचे वैर आम्हांस ठाऊक नव्हते, अशी सबब कोणास सांगता येणार नाही. सूर्यप्रकाशात जंतू तग धरीत नाहीत, हे डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला. थेट उन्हात तो फार काळ टिकत नाही, हेही पुढे त्यानेच सांगितले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार करणाऱ्या नील्स फिन्सन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरांतील म्हाताऱ्या बायांना ही नावे माहीत नव्हती. पण गाद्या-गोधड्या उन्हात घालाव्यात, बाळ-बाळंतिणीला कोवळ्या उन्हाचा शेक द्यावा, एवढे त्या जाणत होत्या.

आणि मुंबईने तर हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा पहिला रोगी आढळला आणि पाहता पाहता हे शहर ओस पडले. गोदामांना खेटलेल्या, एकीला एक चिकटलेल्या, अंधाऱ्या, ओल्या चाळींत माणसे पटापट मेली. त्या भीतीतून १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणावयाचा आणि हवा-उजेडाची घरे बांधावयाची, हे त्याचे काम. ट्रस्टच्या कारभारात दोष पुष्कळ होते. जितक्या गरिबांची घरे त्याने पाडली, तितक्यांना नवी दिली नाहीत, हा त्याच्यावरील आरोप खोटा नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील प्रकाश व हवा याच विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला.

हा नियम साधा आहे. समोरील इमारतीची उंची आणि मधली मोकळी जागा यांचे प्रमाण दोनास एक, यापलीकडे जाऊ द्यावयाचे नाही. म्हणजे इमारत दहा मीटर उंच असेल, तर तिच्यापुढे निदान पाच मीटर जागा आकाशाला उघडी हवी. त्या उताराने तिरपी रेषा ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करते. या रेषेच्या वरचे आकाश खालच्या मजल्यावरच्या माणसाचे. त्यावर कोणी भिंत चढवावयाची नाही. परक्या सरकारच्या अधिकाऱ्याने, मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या त्या काळात, काळ्या गिरणी कामगाराच्या खोलीपुरते का होईना, एवढे आकाश राखून ठेवले होते. ट्रस्टच्या चाळी ऐषआरामाच्या नव्हत्या. शौचालये सामाईक, खोल्या लहान, माणसे फार. पण त्या चाळींना अंगण होते, सज्जा होता आणि खिडकीतून आभाळ दिसत होते. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बिऱ्हाड दोन दशकांहून अधिक काळ होते, याचा विसर आम्हांस पडता कामा नये.

आता हाच नियम हाती धरून आजचा हिशेब करून पाहा. तीन मीटरांच्या अंतराला जुन्या नियमाप्रमाणे सहा मीटर उंची शोभते. म्हणजे तळमजला आणि त्यावर एक मजला. सात मजल्यांची इमारत साधारणपणे एकवीस मीटर उंच धरली, तर तिच्यापुढे साडेदहा मीटर मोकळी जागा पाहिजे. तीन मीटरांवर अनेक मजले चढविण्याची परवानगी जेव्हा दिली गेली, तेव्हा १९१२ साली जे गरिबाला देणे शक्य वाटत होते ते स्वतंत्र भारतात अशक्य ठरविण्यात आले, एवढाच त्याचा अर्थ होतो. ज्या मुंबईवर वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य थेट माथ्यावर येतो, जेथे डिसेंबरातील दुपारीही तो क्षितिजापासून सत्तेचाळीस अंश वर असतो, त्या मुंबईत उजेडाचा दुष्काळ पडावा, ही निसर्गाची कृपणता नव्हे. ही माणसाची करणी आहे.

हे घडले कसे? १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना झाली. झोपडीवासीयाला फुकट घर, विकसकाला त्या मोबदल्यात विक्रीसाठी चटईक्षेत्र आणि सरकारच्या तिजोरीला तोशीस नाही, अशी ती योजना. फुकट घराचे क्षेत्रफळ प्रथम २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० झाले. प्रत्येक वाढीच्या वेळी घोषणा झाल्या, श्रेय घेतले गेले. पण चौरस फूट मोजण्याच्या या धामधुमीत त्या घरात उजेड किती, हे कोणी मोजले नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना सभोवतालच्या मोकळ्या जागेच्या नियमांतून सवलती देण्यात आल्या. ‘सवलत’ हा शब्द कानाला गोड लागतो. पण सवलत कोणाला? मोकळी जागा कमी झाली म्हणून राहणाऱ्याचे काय वाचले? वाचली ती जमीन, आणि ती गेली विक्रीच्या मनोऱ्याकडे. एकाच भूखंडावर एका बाजूस बागबगीचा, पोहण्याचा तलाव आणि चारी दिशा मोकळ्या असलेला मनोरा उभा राहतो. दुसऱ्या बाजूस कोपऱ्यात दाटीवाटीने पुनर्वसनाच्या इमारती कोंबल्या जातात. घर फुकट मिळाले, हे म्हणणे म्हणूनच खरे नाही. त्या घराची किंमत पुरेपूर वसूल झालेली आहे. ती पैशांत नव्हे, उन्हात वसूल झाली आहे. प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत विकसकाचा मनोरा शेजारी नसला, तरी विचार तोच: कमीत कमी जमिनीवर जास्तीत जास्त गाळे.

कायदाही येथे सबळांच्याच बाजूचा आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ पासून मुंबई इलाख्यास लागू झाला. एखाद्या इमारतीत येणारा उजेड वीस वर्षे निर्वेधपणे उपभोगला, तर त्या उजेडावर मालकाचा हक्क निर्माण होतो, असे तो सांगतो. म्हणजे उजेड ही मालमत्ता आहे, हे आमच्या कायद्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य केले. पण ज्याच्या खिडकीसमोर पहिल्या दिवसापासूनच भिंत आहे, त्याने वीस वर्षे कशाचा उपभोग घ्यावा? त्याला आधार फक्त बांधकामाच्या नियमावलीचा. आणि तोच आधार सवलतीच्या नावाखाली काढून घेतला जातो. खिडकीचे क्षेत्रफळ खोलीच्या मानाने किती असावे, हे नियम सांगतात आणि नकाशावर ती खिडकी नेमकी तेवढी असतेही. पण आकाश न दिसणारी खिडकी ही खिडकी नव्हे. ती भिंतीवर टांगलेली खिडकीची तसबीर आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. मुंबई हे बेट आहे, जमीन थोडी, माणसे फार. प्रत्येकाला अंगण आणि ऊन कोठून आणावयाचे? झोपडीत तरी त्याला कोणता महाल होता? आता डोक्यावर पक्के छप्पर आले, घरात शौचालय आले, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागत नाही, हे काय थोडे झाले? या आक्षेपात काहीच वजन नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पक्क्या घराचे मोल काय असते, हे गळक्या पत्र्याखाली चार महिने काढणारी माऊलीच जाणे. पण तिला छप्पर आणि ऊन यांतून एकाचीच निवड करावयास लावण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? शिवाय झोपडीला दार उघडले की गल्ली होती, उंबऱ्यावर बसून भाजी निवडता येत होती, पोरे उघड्यावर वाढत होती. दिवसाचा बहुतेक वेळ घरात काढणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्याच वाट्याला नव्या घराचा अंधार सर्वांत अधिक येतो. कामावर जाणाऱ्या पुरुषाला निदान रस्त्यावरचे ऊन तरी भेटते.

दाटी आणि उजेड यांचे हाडवैर आहे, हेही खरे नाही. आमच्या पूर्वजांनी दाट पेठांतच वाडे बांधले. एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागून असे. पण मध्ये चौक ठेवला आणि त्या चौकातून आभाळ थेट घरात उतरविले. कोकणातल्या साध्या घरालाही माजघर काळोखे पडू नये म्हणून नळ्याच्या जोडीला एक काचेचे कौल बसविण्याची सोय सुचली. आमच्याच काळातील चार्ल्स कोरिआ यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत रचली, तीत बैठ्या घरांची बऱ्यापैकी दाटी साधूनही प्रत्येक घराला आपल्यापुरता उघड्या आकाशाचा तुकडा दिला. मुंबईच्या ओव्हल मैदानाकाठच्या व मरीन ड्राइव्हवरील ज्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतील आर्ट डेको पद्धतीच्या घरांकडे पाहावे. सारख्या उंचीच्या, ओळीने उभ्या, खिडकीवर भुवईसारखे छज्जे असलेल्या. ऊन अडवावयाचे पण उजेड अडवावयाचा नाही, ही विद्या त्या बांधणाऱ्यांना अवगत होती. तेव्हा प्रश्न जमिनीचा जितका आहे, तितकाच तो नीयतीचा आणि विचाराचा आहे.

विचार सुटला की श्रीमंतांच्या इमारतींचेही काय होते, हे पाहावयाचे असेल, तर काचेच्या कचेऱ्यांकडे दृष्टी टाकावी. थंड देशांत सूर्याला घरात बोलावण्यासाठी वापरावयाच्या काचेच्या भिंती आम्ही या उष्ण शहरात उभ्या केल्या. मग ऊन आत येऊन भाजते म्हणून पडदे ओढावयाचे, पडदे ओढले म्हणून दिवे लावावयाचे, आणि दिवे व काच यांनी तापलेली हवा थंड करण्यासाठी यंत्रे चालवावयाची. एका बाजूला ऊन मिळत नाही म्हणून भर दिवसा दिवा आणि दुसऱ्या बाजूला ऊन सोसत नाही म्हणून भर दिवसा दिवा, अशी या नगरीची गत झाली आहे. फरक एवढाच की एकाचे विजेचे बिल कंपनी भरते आणि दुसऱ्याचे बिल घरकाम करणारी बाई आपल्या पगारातून भरते.

वरळीला बीडीडी चाळींजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग नावाचा एक रस्ता आहे. लोक त्याला ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. घरी जागा नाही, शांतता नाही, म्हणून चाळींतील मुलामुलींच्या पिढ्यांनी त्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली बसून परीक्षा दिल्या. त्या गल्लीचे कौतुक आम्हांसही आहे. सार्वजनिक दिवा हा केवळ चोरांना भिवविण्यासाठी नसतो. ज्याच्या घरी दिवा नाही त्याचा तो दिवा असतो. रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रीला उजळलेल्या रस्त्याने जो धीर येतो, तो दहा भाषणांनी येत नाही. पण त्याचबरोबर त्या गल्लीची आम्हांस लाजही वाटली पाहिजे. मुलाच्या जिद्दीचे गोडवे गाऊन त्याच्या घरच्या अंधाराची जबाबदारी झटकता येत नाही. आज बीडीडी चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत आणि कुटुंबे नव्या घरांत जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या घरांच्या खिडक्यांतून काय दिसते, यावर त्या समाधानाचे खरेखोटेपण ठरेल.

म्हणून शासनाला आणि महानगरपालिकेला आमचे सांगणे स्पष्ट शब्दांत असे आहे. पहिली गोष्ट, निवासी इमारतींमधील अंतराच्या बाबतीत पुनर्वसनाची घरे आणि विक्रीची घरे हा भेद ताबडतोब नाहीसा करावा. उजेडाचे नियम दोघांना एकच असावेत. आणि सवलत द्यावयाचीच असेल, तर ती मोटारी ठेवण्याच्या जागेतून द्यावी, माणसे ठेवण्याच्या जागेतून नव्हे. दुसरी गोष्ट, नकाशा मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक इमारतीच्या सर्वांत खालच्या निवासी मजल्यावर आकाशाचा उजेड किती पोहोचतो, याचा हिशेब मागवावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. आजच्या संगणकाच्या जमान्यात हे काम अवघड नाही. तिसरी गोष्ट, ज्या वसाहती आधीच अंधारात बांधल्या गेल्या, तेथील खालचे मजले निवासातून हळूहळू मोकळे करून तेथे दुकाने, अभ्यासिका, दवाखाने आणावेत आणि त्या कुटुंबांना त्याच परिसरात उजेडाची घरे द्यावीत. तोवर निदान बोळांतील कचरा रोज उचलला जावा, म्हणजे आहेत त्या खिडक्या तरी उघडतील. यास पैसा लागेल, हे उघड आहे. पण क्षयाच्या रोग्यांवर, त्यांच्या बुडालेल्या रोजगारावर आणि उद्ध्वस्त झालेल्या संसारांवर जो खर्च होतो, तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही म्हणून तो होत नाही, असे नव्हे.

आणि आमच्या वाचकांना एवढेच सांगावयाचे आहे की हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा आहे, अशा भ्रमात राहू नका. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे वारे आज प्रत्येक गल्लीतून वाहत आहे. आपल्याला किती चौरस फूट जास्त मिळणार, एवढेच विचारून सही करू नका. आपल्या आणि शेजारच्या खिडकीसमोर किती आकाश उरणार, हेही विचारा. जे आज गोवंडीत घडले, ते उद्या आपल्या दाराशी येण्यास वेळ लागत नाही.

आज रात्री प्रत्येक घरात दिवा लागेल. उद्या सकाळी सूर्य उगवेल आणि तो आपले ऊन वाटताना मलबार हिल आणि मानखुर्द असा भेद करणार नाही. हा भेद केला आहे तो आम्ही. तो आम्हीच मोडावयास हवा. पणतीचा उजेड माणसाने माणसाला द्यावयाचा असतो. सूर्याचा उजेड फक्त अडवावयाचा नसतो. एवढे जरी या शहराला साधले, तरी दिवाळी खऱ्या अर्थाने प्रत्येक उंबऱ्याच्या आत आली, असे आम्ही म्हणू.